‘शुद्ध’ तंबाखू आणि प्रयोगशाळेचा निकाल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गतवर्षीच्या संमेलनात स्नेहभोजनानंतर पानसुपारीचे तबक फिरत असता त्यातील तंबाखूच्या वाटीविषयी आम्ही दोन शब्द बोललो होतो, हे आपणांपैकी काहींच्या स्मरणात असेल. त्या वेळी आपल्यातीलच एका वडीलधाऱ्या व्यापारी गृहस्थांनी आम्हांस हसतमुखाने अडविले. ते म्हणाले, “गुरुजी, गुटख्याला काय हवे ते बोला. त्यात काय घालतात ते देव जाणे. पण आमच्या वखारीतला माल म्हणजे शुद्ध पान. कोणत्याही प्रयोगशाळेत पाठवा.” हे गृहस्थ आज समोर बसले आहेत. आपल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या दोन खोल्या त्यांच्या देणगीतून उभ्या राहिल्या आहेत, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. त्यांस त्या दिवशी उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही; आणि खरे सांगावयाचे तर उत्तर आमच्यापाशी नव्हतेही.

आमची विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरती. छत्तीस वर्षे सातवीपर्यंतच्या मुलांना सामान्य विज्ञान शिकविले, एवढाच आमचा या विषयावरील अधिकार. परंतु शेटजींचे ते वाक्य मनातून जाईना. म्हणून गेले वर्षभर आम्ही जमेल तेवढे वाचन केले, आणि आमचा एक माजी विद्यार्थी रासायनिक परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे, त्याच्याजवळ दोन वेळा जाऊन बसलो. त्याने आम्हांस यंत्रे दाखविली आणि आमच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिली. शाळेत असताना तो आमच्या प्रश्नांना कंटाळत असे, असो.

प्रथम ‘शुद्ध’ या शब्दाचा विचार करू. दुधात पाणी घातले, तिखटात विटेची भुकटी मिसळली, तर आपण त्यास भेसळ म्हणतो आणि ती शोधून काढणे हे प्रयोगशाळेचे काम समजतो. तंबाखूच्या बाबतीतही आपली समजूत तशीच आहे. वाईट जे काही असेल ते वरून घातलेले असणार, आणि काही घातले नसेल तर माल निर्दोष! परंतु तंबाखूची परीक्षा करणारे रसायनशास्त्रज्ञ मुख्यतः ज्या द्रव्यांचा शोध घेतात ती बाहेरून आलेलीच नसतात. काही झाडाने स्वतः तयार केलेली असतात, काही पान सुकविताना, मुरविताना, भाजताना उत्पन्न होतात, आणि एकाला तर आपण स्वतःच्या तळहातावर मोकळे करतो. हे कसे, ते सांगण्यासाठी आजचा वेळ आम्ही मागून घेतला आहे.

तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान या दोघांनी वेगळे काढले. ते तीव्र विष आहे हेही लवकरच कळले. परंतु एखाद्या माणसाने ते घेतल्यावर त्याच्या शरीरात ते सापडविणार कसे, हे कोणासही ठाऊक नव्हते. वनस्पतिज विष पोटात गेले की ते शोधणे अशक्य, असेच त्या काळी मोठमोठे पंडित मानीत. अशा वेळी बेल्जममध्ये १८५० च्या नोव्हेंबरात एक खून झाला. बोकार्मे नावाच्या एका सरदाराने पैशाच्या लोभाने आपल्या मेव्हण्यास निकोटिन पाजले. ते त्याने तंबाखूच्या पानांपासून घरीच काढले होते. खुणा लपविण्यासाठी प्रेताच्या तोंडात सिरका ओतण्यात आला. मृताचे अवयव ब्रुसेल्स येथे झाँ स्तास या रसायनशास्त्रज्ञाकडे आले.

स्तासने काय केले ते लक्ष देऊन ऐकावे, कारण आपल्या विषयाची किल्ली तेथे आहे. त्याने अवयवांचा अर्क आम्लयुक्त मद्यार्कात काढला व गाळून घेतला. निकोटिन त्या अर्कात होते, परंतु आम्लाशी बांधलेले. बांधलेले निकोटिन पाण्यात राहते, ईथरमध्ये उतरत नाही. मग त्याने त्यात क्षार घालून आम्ल मारले. आम्लाची गाठ सुटताच निकोटिन मोकळे झाले, आणि वरून घातलेल्या ईथरमध्ये निघून गेले. ईथर उडून गेल्यावर तळाशी तंबाखूच्या उग्र वासाचा तेलकट द्रव उरला. बोकार्मेला १८५१ साली मृत्युदंड झाला, आणि स्तासची ही कृती न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत कायमची जाऊन बसली.

आता, बंधूंनो, तंबाखूची चिमूट तळहातावर घेऊन, डबीतला चुना लावून, अंगठ्याने मळणारा आपला माणूस डोळ्यांपुढे आणा. तो काय करीत असतो? स्तासचाच प्रयोग! सुकलेले पान स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते आणि त्यातील निकोटिन आम्लाशी बांधलेले असते. चुना हा क्षार. तो लागला की गाठ सुटते. फरक इतकाच की स्तासने ते ईथरमध्ये उतरविले, आपण ते गालफडाच्या कोवळ्या त्वचेतून रक्तात उतरवितो. चुन्याने तंबाखू ‘लागते’ असे आपले लोक म्हणतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. फक्त कारण त्यांस कोणी सांगितलेले नाही.

म्हणून प्रयोगशाळेत तंबाखू आली की जी अगदी स्वस्त परीक्षा करतात, ती सामू मोजण्याची. सातवीच्या पुस्तकात हा शब्द आहे. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी, म्हणजेच क्षार; आणि एकेका आकड्यामागे दहापटीचा फरक. दोन ग्रॅम तंबाखू दहा मिलिलिटर शुद्ध पाण्यात ढवळून काचेच्या विद्युत्‌घटाने हा आकडा वाचतात. त्यावरून मोकळ्या निकोटिनचे प्रमाण गणिताने निघते. सामू ६ असेल तर शंभरातला एखादाच भाग मोकळा असतो. ७ असेल तर सुमारे ९ भाग. ८ ला जवळजवळ निम्मे निकोटिन सुटते, आणि ९ ला शेकडा ९० मोकळे होते. म्हणजे दोन पुड्यांत निकोटिन तोलून सारखेच भरले तरी चुनेवाली पुडी दहापट जोराची असू शकते. नुसत्या वजनावर भरवसा ठेवणारा परीक्षक येथे फसतो.

ही परीक्षा आपल्या माजघरातही होते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या भगिनींना आम्ही सांगावयास नको. हळद तांबडी होऊ लागते ती सामू आठच्या आसपास गेल्यावर, म्हणजे नेमके निकोटिन निम्म्याने सुटते तेथेच. हा योगायोग आमच्या विद्यार्थ्यास सांगितला तेव्हा तोही क्षणभर गप्प झाला. येथे टेबलावर दोन पेले आहेत. दोहोंत शेटजींनीच मोठ्या मनाने दिलेल्या पानाचे गाळलेले पाणी आहे. एकात केवळ पान, दुसऱ्यात पान आणि बोटभर चुना. हळदीत बुडवून वाळविलेल्या या टिपकागदाच्या पट्ट्या.

(येथे प्रयोग करून दाखविण्यात आला. पहिल्या पेल्यातील पट्टी पिवळी राहिली. दुसऱ्या पेल्यातील तांबडी झाली.)

निकोटिनचे वजन करण्याची रीत आता यंत्राने चालते. तंबाखूत दाहक सोडा घालून ते मोकळे करतात आणि सेंद्रिय द्रावकात उतरवून घेतात. पावणेदोनशे वर्षे झाली तरी कृतीचा पाया स्तासचाच आहे. त्यापुढील काम ‘वायु-वर्णलेखन’ करते. वर्णलेखन हा शब्द अवघड वाटतो, परंतु गोष्ट सोपी आहे. आम्ही वर्गात टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका देऊन तिचे टोक पाण्यात धरीत असू. पाणी वर चढे आणि काळ्या शाईतून निळा, जांभळा, पिवळा असे रंग आपापल्या उंचीवर वेगळे होत. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी पानातील रंग असेच वेगळे केले. त्याने नळीत भरली होती खडूची भुकटी. आम्ही जन्मभर खडू हाती धरला, पण त्याचा हा उपयोग निवृत्तीनंतर कळला! आजच्या यंत्रात टिपकागदाच्या जागी केसासारखी बारीक, कित्येक मीटर लांबीची नळी असते, आणि पाण्याच्या जागी वायू वाहतो. प्रत्येक द्रव्य आपापल्या ठरावीक वेळी बाहेर पडते, आणि कागदावर त्याचे शिखर उमटते. शिखर जितके मोठे तितके द्रव्य अधिक.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. निकोटिन व्यसन लावते. परंतु तोंडाचा कर्करोग उत्पन्न करण्यात ज्यांचा वाटा मोठा, ती द्रव्ये निराळी. त्यांस नायट्रोसमाइन म्हणतात. तंबाखूतील अशा द्रव्यांपैकी एन-नायट्रोसोनॉर्निकोटिन, संक्षेपाने एनएनएन, हे हॉफमन, हेख्ट आदी संशोधकांनी १९७४ साली तंबाखूत दाखवून दिले. त्याचे भावंड एनएनके. गंमत अशी की शेतात उभ्या हिरव्या पानात ही द्रव्ये जवळजवळ नसतात. पान सुकते, ढिगात मुरते, तेव्हा त्यावर वाढणारे जिवाणू पानातील नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि ते नायट्राइट निकोटिनच्याच गोत्रातील द्रव्यांशी जुळून ही विषे बनतात. माल दमट जागी साठविला तर वखारीतही त्यांची भर पडू शकते. कोणीही काही मिसळलेले नसते. शेटजी, आपल्या मालात भेसळ नाही हे आम्ही शपथेवर मान्य करतो. परंतु हे द्रव्य शोधणाऱ्या यंत्राला भेसळीशी कर्तव्यच नाही.

ते यंत्र शोधते कसे? पूर्वीची रीत मोठी सुंदर होती. वेगळे काढलेले नायट्रोसमाइन तापवून त्यातील नायट्रिक ऑक्साइडचा तुकडा तोडावयाचा आणि त्याची ओझोनशी गाठ घालावयाची. तेथे डोळ्यांस न दिसणारा मंद प्रकाश पडतो. तो मोजला की द्रव्य मोजले गेले. हल्ली द्रव-वर्णलेखनाला मास स्पेक्ट्रोमीटर जोडतात. हा रेणूंचा तराजू समजा. तो रेणू तोलतो, मग फोडतो, आणि तुकडे पुन्हा तोलतो. पूर्ण रेणूचे आणि तुकड्यांचे अशी दोन्ही वजने जुळली तरच साक्ष ग्राह्य.

परंतु इतके धुणे-गाळणे करताना थोडे द्रव्य वाया जाणार, त्याचे काय? यावरील युक्ती आमच्या व्यापारी बंधूंना चटकन पटेल. समजा, धान्याच्या पोत्यात शंभर रंगविलेले दाणे आपण आरंभीच मिसळले. पाखडून, चाळून शेवटी त्यांतील ऐंशीच हाती आले. तर साधे दाणेही शंभरास वीस या दरानेच सांडले असले पाहिजेत. रसायनशास्त्रज्ञ रंगाऐवजी जड हायड्रोजन वापरतात. एनएनएनचा जड हायड्रोजन लावलेला जुळा भाऊ ठरावीक मापाने आरंभीच घालतात. दोघांचे वर्तन सारखे, वजन तेवढे निराळे. जुळा किती उरला त्यावरून मूळ किती होते ते कळते. शिवाय ओल वजा करून कोरड्या वजनावर हिशेब मांडतात, जसा आपण भिजका माल घेताना मांडतो. कोरा नमुना, दुबार नमुना आणि ज्याचे आकडे आधीच ठाऊक आहेत असा संदर्भ-तंबाखूचा नमुना, हे सोबत चालवितात. यंत्र खोटे बोलू लागले तर ते तेथे पकडले जाते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या इरिना स्टेपानोव्ह, स्टीफन हेख्ट आदींनी भारतातील बाजारी माल तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खैनी, जर्दा अशा काही मालांत एका ग्रॅममागे एनएनएन ७६.९ मायक्रोग्रॅमपर्यंत आणि एनएनके २८.४ मायक्रोग्रॅमपर्यंत निघाले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. “एवढ्याशाने काय होते?” असे कोणी म्हणेल. त्यांस एक आठवण देतो. २०१८ साली रक्तदाबाच्या वल्सार्टन नावाच्या गोळ्या अनेक देशांत बाजारातून परत घेतल्या गेल्या. त्यांत याच कुळातील एक नायट्रोसमाइन सापडले होते. त्यासाठी दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, अशी मर्यादा ठरली होती. वर सांगितलेल्या एका ग्रॅम मालात त्या आकड्याच्या आठशे पट भरते. ही दोन द्रव्ये सारख्याच शक्तीची आहेत असे आमचे म्हणणे नाही, आणि तोंडातील तंबाखूतले सर्वच अंगात जाते असेही नाही. परंतु एका गोळीसाठी औषधवाल्याकडे भांडणारा माणूस खिशातील पुडीस काही विचारीत नाही, ही विसंगती नजरेत भरते.

शेटजी येथे विचारतील, ढिगात मुरविण्याऐवजी दुसरे काही करता येते काय? येते. स्वीडनमध्ये ‘स्नूस’ नावाची ओठाखाली धरावयाची तंबाखू करतात. तेथे पान आंबविण्याऐवजी उष्णता देऊन जिवाणू मारतात, आणि त्यामुळे नायट्रोसमाइन पुष्कळ उतरले. उतरले, नाहीसे झाले नाही. आणि निकोटिन होते तेथेच आहे.

आता मशेरीविषयी, आणि येथे आमचा आवाज थोडा अडखळला तर क्षमा असावी. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सारे घर आक्का म्हणे, त्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून मशेरी लावीत. बाजारातून पान आणण्याचे काम लहानपणी आमच्याकडे असे. रविवारी त्या तव्यावर ते काळेभोर होईपर्यंत भाजीत, पाट्यावर वाटीत आणि वस्त्रगाळ करून पितळी डबीत भरीत. त्या वासाने घर कोंदून जाई. विकतच्या पुडीला त्यांनी कधी हात लावला नाही. “घरची आहे, स्वच्छ आहे,” असे त्या म्हणत, आणि विज्ञान शिकविणारे आम्ही मान डोलवीत असू. पुढे आम्हांस नोकरी लागल्यावरही प्रत्येक भाऊबीजेला आम्ही ओवाळणीबरोबर पानाची एक जुडी नेत असू. त्यांना त्याहून दुसरे काही आवडतच नसे. २००९ साली त्यांच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला, मग व्रण झाला. शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी त्या गेल्या.

वनस्पती अर्धवट जळली की बेंझोपायरीन नावाचे कर्करोगकारक द्रव्य, आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये तयार होतात. तवा हा त्यांचा कारखाना. प्रयोगशाळेत ते द्रावकाने काढून, तेलकट मळ वेगळा करून, वर्णलेखनाच्या नळीतून सोडतात आणि बाहेर पडताना त्यावर अतिनील किरण टाकतात. त्या किरणांत हे द्रव्य स्वतः उजळते, म्हणून अतिसूक्ष्म असले तरी लपत नाही. हे यंत्र आमच्या विद्यार्थ्याने दाखविले तेव्हा आम्ही त्यास विचारले, घरी भाजलेली मशेरी येथे कधी येते काय? तो म्हणाला, “नाही गुरुजी. येथे येतो तो दुकानातून जप्त केलेला माल. घरातली डबी कोण आणणार?”

धातूंविषयी थोडक्यात. तंबाखूचे झाड जमिनीतील कॅडमियम ओढून पानांत साठविते. शिसे, आर्सेनिक, निकेल हेही सापडतात. पान तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवून तो द्रव ज्वाळेत, तापलेल्या नळीत किंवा प्लाझ्मात सोडतात आणि प्रकाशावरून वा वजनावरून धातू ओळखतात.

ही सर्व तपासणी आपल्या देशात होते काय, असा प्रश्न योग्य आहे. २०१९ साली केंद्र सरकारने तंबाखू-परीक्षणाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे सुरू केल्या. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटख्यास बंदी झाली ती अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन असू नये असा २०११ चा नियम आहे. त्यामुळे पानमसाल्याच्या पुडीत निकोटिन आहे किंवा नाही, हे प्रयोगशाळेत तपासले जाते. व्यापाऱ्यांनी मग मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत विकावयास घेतली, हे आपण पानपट्टीवर पाहतोच. प्रयोगशाळा पुडी तपासते. दोन पुड्या एकत्र करणारा हात तिच्या कक्षेत येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. इतके यंत्र-तंत्र असूनही “इतकी तंबाखू चालेल” असा दाखला कोणतीही प्रयोगशाळा देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ८९ व्या ग्रंथात धूररहित तंबाखूस मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. शुद्ध, अशुद्ध असा भेद त्यांनी केला नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील माणसांत शेकडा २४.४ जण धूररहित तंबाखूचे सेवन करणारे आढळले. या मंडपात चारशे खुर्च्या मांडल्या आहेत. त्या हिशेबाने जवळजवळ शंभर जणांच्या खिशात वा कनवटीला आत्ता डबी आहे. आम्ही कोणाकडे पाहत नाही.

कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की उद्याच्या स्नेहभोजनानंतरच्या तबकात तंबाखूची वाटी व चुन्याची डबी नसावी, आणि तसा ठराव आजच्या सभेत यावा. महिला शाखेने घरोघरच्या मशेरीविषयी एक बैठक घ्यावी; तेथे हळदीच्या पट्ट्या आणि भाजलेल्या तव्याची गोष्ट सांगावयास आम्ही येऊ. सुपारीविषयीही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु एका वर्षी एकच शत्रुत्व पुरे.

ठरावाला सूचक म्हणून आमचे नाव लिहावे. अनुमोदनासाठी आम्ही शेटजींच्याच घरी परवा गेलो होतो. त्यांनी चहा दिला, पान दिले, आणि “विचार करून सांगतो” असे म्हटले. ते आज येथे आले आहेत, यातच आम्ही आनंद मानतो. दोन्ही पेले व पट्ट्या सभा संपेपर्यंत टेबलावर राहतील. ज्यांस जवळून पाहावयाच्या असतील त्यांनी यावे.